दोन मुलं कमी

“अठराच, नाना,” सुमेधाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हजेरीपट मिटला. “परवा तीस सप्टेंबर. त्या दिवशीचा पट वर जातो. वीस भरले नाहीत तर सहावी-सातवी गेली आपल्या हातातून.”

रोहिदासनाना बाकावर बसूनच राहिले. शाळा समितीचे ते अध्यक्ष. वर्ग जाणार म्हणजे मुलं हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार. चाकणचा तो रस्ता ओलांडायला खुद्द नानांना दहा-दहा मिनिटं थांबावं लागे. कंटेनरच्या रांगेतून वाट काढणं हे बारा वर्षांच्या पोरींचं काम नव्हतं. शेजारच्या वस्तीवरचे वर्ग गेल्या साली असेच हलवले. पोरं कशीबशी जातात. पोरी घरी बसल्या.

इथं अठरांत नऊ पोरी होत्या. त्यातली एक नानांची नात, तनुजा.

हो, मराठी शाळा वाचवा म्हणून नानांनी नुसती भाषणं ठोकली नव्हती. जूनमध्ये त्यांनी नातीला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमधून उतरवून इथं आणून बसवलं. सून आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. पट का घसरला याचं नानांकडे पक्कं उत्तर होतं: लोकांना इंग्रजीचं खूळ लागलंय. तरी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नव्हती. सकाळी गल्लीतून मोटारसायकल काढायला जागा मिळत नाही एवढी माणसं गावात राहायला आलेली, आणि शाळेत मुलं नाहीत. मग गेली कुठं? विचार करून डोकं दुखायला लागलं की नाना समोर येईल त्याच्यावर खेकसत.

“कागूद लगीच धाडू नका, बाई,” ते उठत म्हणाले. “दोन पोरं आनतो. कुठूनबी आनतो.”

साडेतीनला पहिली शिफ्ट सुटली, तेव्हा नाना कंपनीच्या गेटवर उभे होते. त्या गेटवर लोक नोकरी मागायला उभे राहतात. नाना पोरं मागत होते. “सहावी-सातवीतलं हाय का कुनी घरात, राव?” कुणी हसून पुढे गेलं. बहुतेकांची अजून लग्नंच झाली नव्हती. एकानं तर नानांना एजंट समजून पगार किती मिळेल ते विचारलं. गर्दी विरळ होत चालली तसे नाना एकेकाच्या पुढ्यात जाऊन विचारायला लागले. अठरावरच राहिलो तर तनुजाला काय सांगायचं? इंग्रजी शाळाही गेली आणि हीसुद्धा? भीती वाटत होती त्यांना, अगदी लहान पोरासारखी.

“मला हायेत दोन,” मागून आवाज आला.

कंपनीच्या बसजवळ उभा असलेला तो माणूस मघापासून नानांकडेच पाहत होता. नवनाथ त्याचं नाव, लातूरकडचा. “पोरगी सातवीला, पोरगा सहावीला. गावाकडं असतेत, मायजवळ.”

नानांना भडभडून आलं. त्यांनी त्याचा हातच धरला. “आना की मंग! आत्ता फोन लावा. पुस्तकं फुकाट, कापडं फुकाट, दुपारी ताटभर खिचडी. आन आमच्या बाईंवानी बाई अख्ख्या चिंचवडात घावायच्या न्हाईत!”

“आणली होती की जूनमधी. बायको, लेकरं, शेगडी, समदं घिऊन आलो होतो. तुमच्याच गावात चार दिवस खोली हुडकली. अकरा घरं फिरलो. लेकरं दिसली की नाही म्हणायचे. एकट्या माणसाला मातर कुणीबी खोली देत होतं. मग लेकरं परत धाडली आन मी पाच पोरांच्या खोलीत शिरलो, भोसरीला.”

नानांच्या कपाळाची शीर तटतटली. इथं एकेका पोरासाठी आपण उन्हात उभं राहायचं आणि गावातलेच लोक दारात आलेली पोरं परत पाठवणार! 

“कोन न्हाई म्हनलं? नाव सांगा. आत्ताच्या आत्ता जातो त्याच्या दारात.”

“जाऊ द्या, मालक.”

“जाऊ द्या कसं? मी अध्यक्ष हाय शाळंचा. पोरं माघारी धाडतो म्हंजी काय! नाव सांगा तुमी.”

बसनं हॉर्न दिला. नवनाथनं हळूच आपला हात सोडवून घेतला आणि पायरीवर पाय ठेवला.

“पैलं घर तुमचंच होतं, मालक. पाणी पुरत नाही म्हणून लेकराबाळांच्या माणसाला खोली द्यायची नाही, असा गावानं ठराव केलाय म्हणलाव तुमीच. ठरावबी शाळंतच बसून केलेला.”