मानेचा पट्टा

“हा मानेचा पट्टा काढ गं,” निवृत्त विंग कमांडर राजाध्यक्ष पुन्हा कुरकुरले.

“डॉक्टरांनी काय सांगितलंय? राहू द्या,” म्हणत शरयूताईंनी त्यांच्या कोटावरचं वीरचक्र सरळ केलं.

ही मान शरयूताई लग्नापासून बघत होत्या. बाजारात, देवळात, अगदी लेकीच्या लग्नातही चार पावलं गेली की ती मागे वळायची. ‘बायको हरवेल म्हणून बघतात!’ असं म्हणून नातेवाईक हसायचे. खरं कारण शरयूताईंनाच ठाऊक होतं. लढाऊ विमानाचा घात मागून होतो. युद्धात मागच्या विमानातून राजाध्यक्षांची पाठ राखणारा वैमानिक कर्णिक रेडिओवर सांगायचा, “बिनधास्त जा, मागे मी आहे.” आज ते ज्या हवाई तळावर आले होते, त्याच तळावर शत्रूची चार विमानं चालून आली, तेव्हा आकाशात हे दोघंच होते. चारही विमानं त्यांनी पिटाळली. तळ वाचला, पण राजाध्यक्षांनी वळून पाहिलं तर मागे नुसतं आभाळ होतं.

आज त्यांचं ते विमान तळावर चौथऱ्यावर चढवलं होतं. तिथवर चालत जाऊन सलामी द्यायची होती. नाव पुकारलं. ते दोन पावलं चालले आणि थबकले. पट्ट्यातली मान वळेना. कपाळावर घाम फुटला. गुडघे दुखत असतील असं वाटून एक तरुण अधिकारी चाकाची खुर्ची घेऊन धावला.

शरयूताईंनी त्याला हातानंच थांबवलं. पदर खोचून त्या नवऱ्याच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या.

“बिनधास्त जा,” त्या म्हणाल्या. “मागे मी आहे.”

आणि ते निघाले.