शून्य नंबरचा फोटो

वॉशिंग मशीनने शेवटचा आचका दिला, तीनदा टिंग केलं आणि दुपारची शांतता मोडली. टेबलाशी लॅपटॉपवर वाकलेली नणंद त्याच क्षणी ओरडली, "सापडली! वहिनी, तुझी चूक सापडली!"

वहिनी मशीनमधले ओले कपडे टोपलीत काढत होती. "अगं, हळू! भिंगरी झोपलीय."

भिंगरी म्हणजे तिची चार वर्षांची लेक. लॅपटॉपवर उघडं होतं तेही भिंगरीचंच पान. पोरगी झोपली की चोरलेल्या वेळात तिने ते जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं. एकेका टिचकीसरशी फोटो यायचे. रांगणारी भिंगरी, बादलीत बसलेली भिंगरी, आरशाची पापी घेणारी भिंगरी. शेवटचा झाला की पुन्हा सुरुवातीपासून. नणंदेला तसंच पान तिच्या मांजराचं करायचं होतं, म्हणून ती वहिनीचा कोड वाचत बसली होती.

"रांगेतला पहिला फोटो कधी येतच नाही बघ," नणंद म्हणाली. "येणार कसा? मोजणी शून्यापासून आणि तुझा लूप फेरीला निघतो एकपासून. शून्य नंबरवाला बिचारा दारातच उभा! याच टेबलाशी माझ्याकडून घोकून घेतलंस ना, पहिल्याचा नंबर शून्य म्हणून? आता घ्या, गुरूची विद्या गुरूला! थांब, एका आकड्याचं तर काम आहे."

"नको!"

आवाज असा निघाला की नणंदेचं बोट अधांतरी राहिलं.

"चूक नाहीये ती," वहिनी टेबलाशी येऊन बसत म्हणाली. "मुद्दाम केलंय मी."

शून्य नंबरचा फोटो भिंगरीच्या पहिल्या दिवसाचा होता. दिवस भरायच्या कितीतरी आधी आलेली, ओंजळीत मावेल एवढीशी पोर, काचेच्या पेटीत. ती स्वतः दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर खाटेला खिळलेली. नवऱ्याने काचेबाहेर उभं राहून फोटो काढला आणि आणून दाखवला. तिने तो एकदाच पाहिला. तिला दिसल्या त्या नुसत्या नळ्या, आणि नळ्यांच्या जंजाळात आपलं बाळ, एकटं. आपण जवळ नव्हतो, कुणीच नव्हतं, हे मनात रुतलं ते रुतलंच. फोटो पुसवतही नव्हता, पाहवतही नव्हता. म्हणून तिने लूपला त्याच्या पुढच्या घरापासून चालायला लावलं.

नणंदेची सगळी फुशारकी उतरली. "अगं वहिनी... मी पण ना! राहू दे हं, राहू दे."

"काय राहू दे?"

दारात भिंगरी उभी. केस पिंजारलेले, गालावर उशीची घडी.

"काही नाही गं, तुझा एक लहानपणचा फोटो आहे."

"किती लहानपणचा?"

"सगळ्यात," आत्या बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

झालं! भिंगरी ऐकते कसली! "सगळ्यात लहान मी? मला बघायचीय!" म्हणत ती आईच्या मांडीवर चढलीसुद्धा. आईने आत्याकडे पाहिलं. आत्याने छताकडे.

तिने ओले हात, पदर नव्हता म्हणून, गाऊनलाच पुसले. एकचा आकडा खोडला. शून्य लिहिलं. मग डोळे लेकीच्या चेहऱ्यावर रोवले. पडद्याकडे बघायची छाती नव्हती, आणि पोर घाबरली तर तिला आधी कळायला हवं होतं.

भिंगरीचे डोळे बशीएवढे झाले.

"आत्या! माझ्या नाकात स्ट्रॉ!"

"हो ना," आत्याने घाईघाईने सांभाळून घेतलं.

"मी नाकाने ज्यूस प्यायचे?"

"ज्यूस कसला! कांदे सोलायचीस. अजून सोलतेस."

भिंगरीला कांदे काही कळले नाहीत, पण आत्या हसली म्हणून ती खिदळत सुटली. "आणि टोपी बघ! बाहुलीची टोपी घातलीय मी!" मांडीवर ती इतकी हिंदकळली की आईलाही हसू फुटलं. त्या फोटोसमोर आपण हसतोय हे कळायच्या आत तिची नजर पडद्यावर गेली होती.

"आणि मी कुणाचं बोट धरलंय?"

"बोट? कुठलं बोट?"

"हे काय!"

नळ्यांच्या मागे, अगदी कडेला, पेटीच्या गोल झरोक्यातून एक हात आत आलेला होता. रबरी मोजा घातलेला. आणि त्या हाताच्या एका बोटाचं टोक वाटाण्याएवढ्या मुठीत गच्च.

आईने पडद्याला नाक लागेस्तोवर वाकून पाहिलं. नवऱ्याचं नव्हतं ते, तो फोन धरून काचेबाहेर होता. मोज्याच्या पुढे मनगट होतं आणि तिथे फोटोच संपत होता.

म्हणजे कुणीतरी होतं.

तिने लेकीला असं काही आवळलं की भिंगरी "आई, चेपतेयस!" म्हणून किंचाळली. वहिनी हसतेय की रडतेय, नणंदेला उमगेना. तिने आपला टोपलीतून हाताला लागला तो टॉवेल पुढे केला. तो ओलाच होता. त्यावरून तिघी पुन्हा हसल्या.

"सांग ना, कुणाचं?"

"नाही गं माहीत, राणी. असेल कुणी नर्स मावशी."

भिंगरीने स्वतःची मूठ वळून पाहिली. मग फोटोतली.

"किती घट्ट धरलंय!"

"हो ना. घट्ट धरलंयस."

"मग आई, मी ते सोडलं कधी?"