पहिली द्राक्षं

युद्ध संपून नऊ महिने झाले, तरी तारोन एक शब्दही बोलला नव्हता. येरेवानच्या इस्पितळात आई वार्दुही त्याला घास भरवायची. तो खिडकीतल्या डोंगराकडे बघत गिळायचा. आज पाद्रीबाबांचं मंडळ जखमी सैनिकांसाठी द्राक्षांच्या टोपल्या घेऊन आलं. वर्षाची पहिली द्राक्षं आशीर्वादाच्या प्रार्थनेआधी कुणी तोंडात घालत नाही. लहानपणी तारोन ती दरवर्षी चोरायचा नि फटके खायचा. धुपाच्या धुरात पांढरे पडदे तरंगू लागले. पाद्रीबाबांच्या लांबलचक सुराने वार्दुहीचे डोळे मिटत आले. तेवढ्यात एक हात हळूच टोपलीत शिरला. “मेल्या, प्रार्थना तरी संपू दे!” तिने सवयीने चापट मारली आणि ती दचकली. “आंबट आहेत, आई,” तोंडातलं द्राक्ष चघळत तारोन म्हणाला. “थांब, लेका, गोड करतो,” पाद्रीबाबा हसले. वार्दुहीला धीर धरवेना. तिनेही जन्मात पहिल्यांदाच आशीर्वादाआधी द्राक्ष तोंडात टाकलं.