भवानीचा पाव

थोआमावशीच्या बान मीच्या, म्हणजे व्हिएतनामी सँडविचच्या, गाडीपाशी मी माझ्या पावाची वाट पाहत उभा होतो. कॅनडाहून कितीतरी वर्षांनी आलेली तिची मुलगी उयेन आपल्या लेकीला इंग्रजीत काहीतरी म्हणाली होती, आणि त्या दोघींखेरीज ते फक्त मला समजले होते.

दा नांगला शिकवायला आल्यापासून माझी प्रत्येक सकाळ याच पावाच्या कुरकुरीत पापुद्र्यात, मुळा-गाजराच्या आंबट काड्यांत, कोथिंबिरीच्या वासात उजाडते. याच गाडीमागच्या बुटक्या स्टुलावर बसवून मी उयेनला इंग्रजी शिकवले.

आज मात्र मावशीने मला हटकले होते. "मास्तर, जरा कळ काढा. आजची भवानी माझ्या नातीच्या हातून! पहिल्या गिऱ्हाइकाने तोंड फिरवलं की अख्खा दिवस वाया जातो. तिच्या पायगुणाने आज गाडी दुपारीच रिकामी होते की नाही बघा."

मिरची वगळून, फुंकर घालून तिने पहिला पाव नातीच्या हाती दिला होता. तेव्हाच उयेन बोलली होती.

"मास्तर, काय म्हणाली हो आमची पोर?" मावशीचे डोळे अभिमानाने ओलावले होते. "कशी फडाफडा बोलते! नुसताच पाव हादडला नाहीत, शिकवलंतही म्हणायचं."

उयेन जमिनीकडे पाहत राहिली. मी चालू लागलो.


"नुसता हातात धर, खाऊ नकोस. कोपऱ्यावर टाकून देऊ." मी शिकवलेल्या इंग्रजीत उयेनची एकही चूक झाली नव्हती.