शिवयोगी सरांचा सीपीयू

पंखा घुमला, खिडकीचं चिन्ह दिसलं आणि लगेच पडदा निळा झाला. मग काळा. मग पुन्हा पहिल्यापासून तेच.

"आलं का तेच?" स्टुलावर बसलेल्या शिवयोगी सरांनी विचारलं.

"तेच. नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर," राजश्री म्हणाली. "सर, ही सहावी वेळ आहे."

"सहावी का? मला वाटलं पाचवी."

महिन्याभरात सहाव्यांदा सरांनी चादरीत गुंडाळलेला सीपीयू रिक्षातून तिच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आणला होता. तेही दर वेळी नळाला पाणी यायच्या दिवशी. पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी गिऱ्हाईक फिरकत नाही, निवांत समजून घेता येतं, असं त्यांचं म्हणणं. राजश्रीला मात्र त्याच दिवशी लवकर घरी जाऊन पिंपं भरायची असत.

आज तर तिला मुळीच वेळ नव्हता. उद्या सकाळी दहाला होटगी रस्त्यावरच्या एका संगणक प्रशिक्षण संस्थेत तिचा नमुना पाठ होता. शिकवण्याच्या जागेसाठी ती तिसऱ्यांदा बसत होती. आधी दोन्ही वेळा एकच शेरा मिळाला होता. ज्ञान उत्तम, शिकवता येत नाही. तिसऱ्यांदा नापास झालेल्याला संस्था पुन्हा बोलवत नसे, आणि दुकानाचा गाळा तर महिनाअखेर सोडायचा होता.

"दोन मिनिटांत करून देते, सर. तुम्ही चहा घ्या."

"करून नको देऊ. कसं करतात ते सांग. मी लिहून घेतो."

सरांनी लांबडी वही उघडली, लाल पेनाचं टोपण काढलं आणि घड्याळात पाहिलं.

"लाल कशाला?"

"चाळीस वर्षांची सवय. दुसऱ्या शाईत मला सुचतच नाही."

पहिल्या वेळी तिनं एका दमात सांगितलं होतं, ड्रायव्हर करप्ट झालाय, सेफ मोडमध्ये जाऊन अनइन्स्टॉल करायचा, झालं. सरांनी विचारलं, "सेफ म्हणजे? एरवी काय धोका असतो काय?" तिनं माऊस आपटला होता. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं, "ड्रायव्हर म्हणजे गाडीचा?" तिसऱ्या वेळी तिनं सर गेल्याबरोबर आईला फोन लावला. आई, मुक्ताबाई, सरांच्या शाळेत वीस वर्षं खिचडी शिजवत होती.

"आई, तुझे सर डोकं खातात माझं!"

"खाऊ दे की. लई चांगला माणूस हाय. नीट सांग त्यास्नी, चिडू नगंस." बोलता बोलता आई हसल्यासारखी वाटली.

चौथ्या वेळी मात्र राजश्रीनं माऊस बाजूला ठेवला. पाच दिवसांपूर्वी सांगितलेलं सर नव्यानं विचारत होते. अख्ख्या शाळेचे हजेरी क्रमांक तोंडपाठ असलेला माणूस! सरांना विसर पडायला लागलाय, हे तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून चिडायचं झालं तरी ती आतल्या आत चिडे.

"समजा," ती आता म्हणाली, "मंद्रूपकडची एक आजी दवाखान्यात आली. तिला फक्त कानडी येतं, डॉक्टरला फक्त मराठी. मधे दुभाषी लागतो. कार्ड म्हणजे आजी, कॉम्प्युटर म्हणजे डॉक्टर, ड्रायव्हर म्हणजे दुभाषी."

"बरं. मग?"

"दुभाषी भलताच निघाला. आजी म्हणते पोट दुखतंय, हा सांगतो पाय मोडलाय. डॉक्टर प्लास्टर घालायला निघाले, पण काहीतरी घोळ आहे हे कळल्यावर जागच्या जागी थांबले. तोच हा निळा पडदा."

सर खुदकन हसले. "आणि सारखा बंद-चालू का करायचा?"

"दोन-तीनदा सुरू होणं जमलं नाही की त्याचं त्यालाच कळतं, आपलं काहीतरी बिघडलंय. मग तो दुरुस्तीची वाट दाखवतो. तिथून सेफ मोड. तिथं अगदी लागतील तेवढेच दुभाषी आत येतात, आपला भामटा बाहेर राहतो. मग यादीतून त्याचं नाव काढायचं आणि कार्डाचा खरा दुभाषी आणायचा."

"यादी कुठली? पुन्हा सांग."

"सर, आत्ताच तर—" तिचा आवाज चढला. मग तिचं लक्ष सरांच्या पांढऱ्या भुवयांकडं गेलं. तिनं श्वास घेतला आणि यादी पुन्हा उघडली, सावकाश. "ही बघा. स्क्रीनकडं बघा की सर, माझ्याकडं काय बघताय?"

"बघतोय, बघतोय."

खरा ड्रायव्हर बसला. कॉम्प्युटर सुरळीत सुरू झाला. कार्डावरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला.

"सर, तो चुकीचा ड्रायव्हर आपोआप येत नाही. कुणीतरी टाकतंय."

"या वयात माणसाला काय काय येणार, बाळ," सर म्हणाले. त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं, चार ओळी लिहिल्या आणि उठले. रिक्षात सीपीयू मांडीवर घेऊन बसताना म्हणाले, "उद्या नीट कर."

रिक्षा गेल्यावर तिनं आईला फोन केला. "आई, सरांच्या घरी सांगायला पाहिजे गं. त्यांच्या काही लक्षात राहत नाही."

आईनं विषयच बदलला. "तू उद्याचं बघ आदी," म्हणाली.

शटर ओढताना राजश्रीला स्टुलावर वही दिसली. सर तीही विसरले होते. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात कृती लिहून द्यावी, म्हणजे बिचाऱ्यांना पुन्हा यायला नको, असं म्हणून तिनं ती उघडली.

वहीत कृती कुठंच नव्हती. नुसत्या सहा तारखा होत्या आणि खाली लाल अक्षरं. पहिल्या तारखेखाली लिहिलं होतं, 'उदाहरण नाही. घाई फार. चिडली : अकरा वेळा.'

आजच्या तारखेखाली होतं, 'दवाखान्याचं उदाहरण उत्तम. वेळ बावीस मिनिटं. चिडली : एकदा, पण गिळलं. पाठाला बसण्यास योग्य. मुक्ताबाईंना कळवणे. चुकीचा ड्रायव्हर टाकणे आजपासून बंद.'