पोटिकेचं वजन

उतार पारखायला कापलेल्या बर्फाच्या खांबावर फावडं ठेवून मिलेनाने मनगटातून त्यावर तिसरी थाप मारली आणि खांब मधूनच सरकला. वरचा जाड थर अख्खाच्या अख्खा तिच्या स्कीवर येऊन पडला.

"झालं," ती म्हणाली. "मागे फिरायचं."

"काय झालं?" लेनार्त भडकला. "चाळीस वर्षं संसार केलाय तुझ्याबरोबर. तुझ्या हाताखाली माणूस टिकत नाही, बर्फ काय टिकणार!"

दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. तेवढ्या खांबाने सोसल्या तर उतार कोसळणार नाही असं धरायचं. हा तिसरीलाच बसला होता. पण खिंडीपलीकडे एक वाजता नातीचा बाप्तिस्मा. खिंडीतून दोन तास. नाहीतर खालून दरीतल्या वाटेने वळसा, आणि त्या वाटेवर आज चालेल असा ट्रॅक्टर एकट्या ब्लाझकडे. ब्लाझ म्हणजे लेनार्तचा सख्खा भाऊ. सफरचंदाच्या एका झाडावरून नऊ वर्षं दोघांचं बोलणं बंद. बर्फाखाली गाडलं गेलं तरी चालेल, पण त्याच्या दारात उभं राहायचं नाही, असा लेनार्तचा बाणा.

"रात्रभर वारा पलीकडून होता," मिलेना म्हणाली. "तिकडचा सगळा बर्फ उचलून इथे आणून थापलाय त्याने. पाय आपट, पोकळ वाजतो की नाही बघ."

"अगं, घट्ट आहे! टेबलासारखा."

"टेबलच आहे. पाय साखरेचे आहेत. मला भीती वाटतेय, लेनार्त. पाद्रीबाबांना एका दिवसात दोन कामं नकोत."

"सरक. मी मारतो थापा."

मिलेनाने शेजारी दुसरा खांब कापून दिला. लेनार्तने फावडं ठेवलं आणि वरून हलके हलके हात फिरवायला सुरुवात केली.

"अरे, थापा मारतोयस की अंगाई म्हणतोयस?"

"अठ्ठावीस, एकोणतीस, तीस!" लेनार्त ओरडला. खांब उभा होता. "बघ! आता ह्याच्यावर पंगत बसव."

त्याने पाठीवरची पिशवी सोडली, बाप्तिस्म्यासाठी पहाटे भाजलेल्या पोटिकेचा, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड पावाचा, डबा काढला आणि ऐटीत खांबावर ठेवला. कमरेवर हात ठेवून मिलेनाकडे वळला.

मागे फस्सकन आवाज आला. थर सरकला, डबा घरंगळत खांबापुढे खणलेल्या खड्ड्यात गेला.

मिलेना खाली वाकली. डब्याचं झाकण शाबूत होतं. तिने त्यावरचा बर्फ पुसला.

"पोटिका अडीच किलोची," ती म्हणाली. "तू केवढा?"

लेनार्त शहाण्णव किलोचा होता, तेही न्याहारीआधी. त्याने समोरच्या गुळगुळीत पांढऱ्या उताराकडे पाहिलं. मग तिच्या हातातला डबा घेतला आणि दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला.

"ब्लाझला फोन तू लाव," तो म्हणाला. "माझे हात अडकलेत."