सरळ रेघ

निरीक्षकाने मीटरचे झाकण उघडले, आकडा वहीत टिपला आणि मग तो पुन्हा एकदा वाचला.

"ताई, राग मानू नका. पण आमच्या ऑफिसात म्हणाले, तिथं कोणी राहतं तरी का, ते आधी बघून या."

"राहतो की," ती म्हणाली. "मी आणि ही." तिच्या पाठीशी चार वर्षांची मुलगी उभी होती.

वीज कंपनीने त्या वर्षी कमी वापराच्या घरांची पाहणी काढली होती. माणसे काटकसरीकडे नेमकी कशामुळे वळतात, हे कंपनीला जाणून घ्यायचे होते. साऱ्या वसाहतीत हिचा आकडा तळाशी होता. वर्षभर तो पायरी-पायरीने उतरत आला होता, आणि गेले दोन महिने तर वापराची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. इतकी सरळ रेघ म्हणजे मीटरशी छेडछाड, असा कंपनीचा अनुभव. तसा शेरा पडला, की खुलासा मागणारे पत्र मीटर ज्याच्या नावावर त्याला जाई.

मीटर नवऱ्याच्या नावावर होते. ते पत्र जाऊ नये, एवढेच तिला हवे होते.

नवरा दूरदेशी पुलाच्या कामावर मुकादम होता. वर्षाकाठी महिनाभर घरी येई. मागच्या खेपेला जाताना त्याने मीटरला एक डबी जोडून दिली होती. घरातला तासातासाचा वापर त्याला तिकडे फोनवर दिसे. एका मंगळवारी इस्त्री वीस मिनिटे जास्त चालली, तेव्हा संध्याकाळी त्याने अगदी शांतपणे विचारले होते, कोण आले होते. तिची बहीण आली होती. त्यानंतर बहीण कधी आली नाही. माणूस थापा मारतो, मीटर मारत नाही, असे तो म्हणे.

यातले काहीही तिने निरीक्षकाला सांगितले नाही. घर मात्र दाखवले.

फ्रिजचे दार सताड उघडे होते आणि आत मुलीची खेळणी नीट रचलेली होती. गिझरच्या बटणावर चिकटपट्टी. गच्चीवर उन्हात तापत ठेवलेल्या दोन बादल्या. पूर्वेच्या खिडकीपासून पश्चिमेच्या खिडकीपर्यंत फरशीवर बारीक ओरखडे उमटले होते. उजेड सरकेल तशी शिवणाची खुर्ची सरकवते, ती म्हणाली. साऱ्या घरात फक्त त्या डबीचा हिरवा ठिपका जळत होता.

"आणि अंधार पडला की?"

"झोपायचं," मुलगी म्हणाली. "गप्प."

निरीक्षक हसला. हे माझ्या घरी सांगितले, तर बायको दुसऱ्याच दिवशी बॅग भरेल, असे म्हणाला. तीही हसली, थोडी उशिरा.

मग त्याने छापील तक्ता काढला. शेवटचा प्रश्न होता, हे सारे कशासाठी. पुढे चार चौकटी होत्या: खर्चात बचत, निसर्गाची ओढ, शेजाऱ्यांचे अनुकरण, पुढच्या पिढीची काळजी. ती बराच वेळ त्या चौकटींकडे पाहत राहिली. तिला लाज वाटत असावी, असे समजून निरीक्षकाने मुलीकडे एक नजर टाकली आणि चौथ्या चौकटीत खूण केली.

"बरोबर ना?"

"अगदी बरोबर."

वहीत त्याने 'संशय नाही' असे लिहून खाली सही केली. तिने ती अक्षरे लावून वाचली.

"आता हाच तुमच्या घराचा नेहमीचा आकडा, ताई. वर गेला, तर विचारणा होईल. असाच राहिला, तर इकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही."

"कोणीच?"

"कोणीच नाही."

ती त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली.

आठवड्याने नवऱ्याचा फोन नेहमीसारखा संध्याकाळी सातला आला. कुठे आहेस, त्याने विचारले. घरीच, ती म्हणाली. तो क्षणभर थांबला. रेघ पाहत असावा. रेघ कालच्यासारखीच होती, परवासारखीच होती.

"शहाणी झालीस," तो म्हणाला.

"झाले," ती म्हणाली; आणि त्या घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर असलेल्या एका खोलीत मुलीने एकामागून एक सगळे दिवे लावले.